त्यांचे नऊ दिवस, तुमची सात वर्षं

पत्र चार पानी आहे, म्हणून आधी गोषवारा देते. लिहिणाऱ्या बाई मूळच्या पुण्याच्या. यजमानांच्या नोकरीमुळे सात वर्षांपूर्वी चेन्नईला गेल्या. ओएमआरवर, म्हणजे सगळ्या आयटी कंपन्या आहेत त्या रस्त्यावर, नवव्या मजल्यावर राहतात. एकुलता एक मुलगा जर्मनीत, त्याने यंदा तिथल्याच मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जानेवारीत पुण्यात स्वागत समारंभ आहे. मुलीची आई निवृत्त शिक्षिका. ‘तुम्ही सगळे गडबडीत असाल तेव्हा नको, मी आधी एकटीच येते,’ म्हणून त्या डिसेंबरच्या सुरुवातीला थेट चेन्नईत उतरल्या. नवव्या दिवशी रात्री त्यांनी लेकीला ईमेल लिहिली. लेकीने नवऱ्याला ती वाचून दाखवली, आणि त्या दिवट्याने तिचं भाषांतर करून आईला पाठवलं: ‘आई, बघ काय भारी लिहिलंय!’ आईला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यांचे प्रश्न असे. हा माझा अपमान समजायचा का? यांचा चेन्नईबद्दलचा समज कसा दुरुस्त करू? की सरळ उद्याचं विमान धरून त्यांना पुण्याला बहिणीकडे नेऊ, म्हणजे ‘आपलं’ काहीतरी दिसेल? शिवाय ताजा कलम: मानपानाची साडी द्यावी का, आणि कुठली?

---

ताई,

आधी चिरंजीवांना माझ्याकडून एक धपाटा. आईने लेकीला लिहिलेलं पत्र तिसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं. विहीणबाईंनी ते तुमच्यासाठी लिहिलेलं नाही, तेव्हा तुम्ही वाचलंय हे त्यांना कळू देऊ नका. आज नाही, समारंभात नाही, पुढे नातवंडाच्या बारशालाही नाही. हा एवढा एकच हुकूम. बाकी सगळं ऐच्छिक.

आता ते ईमेल. मी तीनदा वाचलं आणि दोनदा मोठ्याने हसले. पहिल्यांदा त्या चष्म्याच्या दुकानांपाशी. बाई लिहितात, ‘या शहरात चष्मेवाल्यांचा धंदा फारच जोरात असावा, काळा गॉगल लावलेल्या वयस्कर माणसांची चित्रं भिंतीभिंतीवर आहेत.’ अहो, ते तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एमजीआर आणि करुणानिधी! दुसऱ्यांदा हसले ते दुधापाशी. दुकानदाराला दूध आहे का विचारलं, त्याने मान दोन्हीकडे झुलवली, या ‘नाही’ समजून पुढच्या दुकानात. तिथेही तेच. चार दुकानं फिरून रिकाम्या हाताने परत आल्या आणि लेकीला कळवलं की चेन्नईत दुधाची टंचाई आहे.

पण बाकीचं पत्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण बाईंची नजर तयार आहे. पाण्याचा टँकर आल्यावर रस्त्याकडेला लागलेली प्लास्टिकच्या घागरींची रांग त्यांनी पाहिली. गुलाबी, पोपटी, पिवळ्या, निळ्या. ‘इतक्या काळजीच्या गोष्टीला इतके आनंदी रंग मी कुठे पाहिले नाहीत.’ स्कूटरवरची बाई पाहिली, तिच्या हेल्मेटखालून बाहेर आलेला मोगऱ्याचा गजरा पाहिला. खाणावळीबाहेरची ‘मील्स रेडी’ ही पाटी पाहून लिहिलं, की आमच्याकडे लोक जेवण तयार असल्याची घोषणा फक्त घरच्यांसाठी करतात. आणि दारापुढचं पिठाचं चित्र: ‘ज्यावर पाय पडणार हे ठाऊक आहे, तेच रोज नव्याने काढतात.’

यात अपमान कुठे आहे? कूवम नदीच्या वासाबद्दल चार शब्द आहेत, ते मद्रासी माणूस स्वतः याहून कडक शब्दांत सांगेल. फुटपाथबद्दल तक्रार आहे, ती रास्त आहे. हॉर्नबद्दल आहे, तर पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उभ्या राहून त्या काय लिहितील याची कल्पना करा आणि मग विमानाची तिकिटं काढा.

तुम्हाला झोंबलं ते हे नव्हेच. झोंबलं ते शेवटचं वाक्य, ज्याच्याखाली तुम्ही लाल पेनने रेघ मारून पाठवलीत. ‘माझी यजमानीण फार प्रेमळ आहे, पण या शहराकडे ती खिडकीतून पावसाकडे बघावं तशी बघते. बाहेर पडायचंच असेल तर छत्री घेऊन.’

कानामागून आली आणि तिखट झाली, असं तुम्हाला वाटलं असणार. साहजिक आहे. पण रागावणार नसाल तर एक सांगते. तुमच्या पत्रातली ठिकाणांची नावं मी मोजली. पुण्यातली अकरा: पेठा, मंडई, पर्वती, एका मिठाईवाल्याचं दुकानसुद्धा. चेन्नईतलं एकच, आणि ते म्हणजे विमानतळ.

सात वर्षांत, ताई!

दोष देत नाहीये. मी १९८६ साली यजमानांच्या बदलीमुळे मद्रासला गेले, तेव्हा ते मद्रासच होतं, चेन्नई हे नाव व्हायला १९९६ उजाडलं. ट्रिप्लिकेनमध्ये, पार्थसारथी मंदिराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. पहिले दोन महिने मी फक्त रडणं आणि पोस्टमनची वाट बघणं ही दोन कामं केली. तिसऱ्या महिन्यात दिवाळी आली. मी पुण्याहून नेलेली रांगोळी आणि रंग काढले, उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसले आणि चांगली हातभर मोराची रांगोळी काढली. घरमालकीण मामी बाहेर आल्या. बघितलं. म्हणाल्या, ‘सरी.’ म्हणजे ठीक. इतकं थंड ‘ठीक’ मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर उंबऱ्यावर नारळाची करवंटी, आत तांदळाचं पीठ. आणि मामी अंगणात सडा घालून, कमरेतून वाकून, गुडघे न मोडता, ठिपके टाकत होत्या. आपण बसून काढतो, त्या उभ्याने वाकून काढतात. ठिपके झाल्यावर एकच रेघ निघाली, ती ठिपक्यांना वळसे घेत घेत, कुठेही न तुटता, जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. मग त्यांनी माझ्या मोराकडे बोट दाखवलं आणि एक शब्द उच्चारला, ‘एरुम्बु?’ मला कळेना. त्यांनी दोन बोटांनी जमिनीवर चालून दाखवलं. मुंगी! दगडाची भुकटी मुंग्या कशा खाणार, असं त्यांना विचारायचं होतं. पुढची अडीच वर्षं मी पिठाचं कोलम काढलं. बऱ्यापैकी वाकडं.

माझं सांगायचं कारण हे, की मला कुणी हाताला धरून शहर दाखवलं नाही, करवंटी दारात ठेवली. तुमच्या दारात ती आत्ता आलेली आहे. जर्मनीहून आलीय एवढंच.

तेव्हा समज दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. ‘तसं नाहीये हो, आमच्याकडे असं असतं,’ हे वाक्य दहा दिवस जिभेवर आणू नका. तुम्ही समजावत बसलात की त्यांचं बघणं थांबेल. शिवाय तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? दोघी मिळून बघा.

वेळ मात्र सोन्यासारखी आहे. तुमचं पत्र माझ्या हाती आलं तोवर मार्गळी लागला. मार्गळी म्हणजे आपला धनुर्मास, धुंधुरमास. तोच तो, सूर्य धनू राशीत असतो तो महिना. तुमच्या आजी पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी असा नैवेद्य दाखवत असतील. चेन्नईत याच दिवसांत देवळातून पहाटे संत कवयित्री आंडाळची तिरुप्पावै ऐकू येते, तीस पाशुरं म्हणजे पदं, रोज एक, आणि प्रसादाला गरम पोंगल मिळतं. मूगडाळ, तांदूळ, मिरी, तूप. ती खिचडीच आहे, ताई. तुम्ही सात वर्षं ज्याला ‘यांचं ते गिळगिळीत’ म्हणताय (तुमच्याच पत्रात, पान तीन) ते तुमच्या आजीच्या धुंधुरमासाचं चुलत भावंड आहे.

तर परवा पहाटे साडेपाचला ऑटो करा आणि विहीणबाईंना घेऊन मैलापूरला जा. तुमच्या ओएमआरपासून त्या वेळी रस्ते मोकळे असतात. कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड वीथी आहेत, म्हणजे रथ फिरायचे रस्ते. गाडी सोडून द्या आणि चालायला लागा. मार्गळीत कोलमं मोठी असतात, आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल दिसलं तर विहीणबाईंना तिथे हवा तेवढा वेळ उभं राहू द्या. घाई तुम्हालाच असेल. फुलवालीकडून गजरा घ्या. ती ‘मुळम’ने मोजून देते, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मुळम, आपला हात. म्हणून लांब हातांची फुलवाली शोधायची, हे मला मामींनी शिकवलेलं शहाणपण. विहीणबाई हिंदू नसल्याने त्यांना गाभाऱ्यापाशी सोडणार नाहीत, प्राकारात फिरता येईल. हे देवळात शिरायच्या आधी सांगा, दारात नको. आणि तुम्ही एकट्या आत जाऊन दहा मिनिटं त्यांना बाहेर ताटकळत ठेवू नका. त्या दिवशी देव दुरून बघेल.

मग कॉफी. डवरा-टंबलर, म्हणजे वाटी आणि पेला, समोर आला की त्या पेला मधोमध धरतील आणि बोटं भाजून घेतील. वरची वळलेली कड दोन बोटांत धरायची असते, तेवढं तुम्ही नुसतं करून दाखवा. एकातून दुसऱ्यात ओतून फेस आणायचा प्रयत्न त्या करतीलच, सांडतीलही. सांडू द्या.

तिथून पूर्वेला समुद्राच्या दिशेने चाललात की सांथोमचं पांढरं चर्च लागतं. येशूचा शिष्य थॉमस याची समाधी तिथे असल्याची श्रद्धा आहे. आजची इमारत १८९० च्या दशकात उभी राहिली. त्यामागे लगेच समुद्र आणि कोळ्यांची वस्ती. देऊळ, चर्च, मासळी हे सगळं एका सकाळच्या चालण्यात येतं. नवव्या मजल्यावर परत यायला दहा वाजतील, आणि तोवर तुमच्या बोलण्यात चार नवी नावं आलेली असतील.

संध्याकाळी सभेला, म्हणजे संगीतसंस्थेच्या मैफलीला, जा. हा संगीताचा मोसम आहे, म्युझिक अकॅडमी १९२८ पासून आहे आणि डिसेंबरात गावभर डझनावारी सभांचे कार्यक्रम चालू असतात. दुपारचे बरेचसे फुकट असतात. जर्मन बाईंना मैफलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेची सवय असणार. इथे शेजारचे आजोबा मांडीवर ताल देतील, मागची आजी राग ओळखून नातीच्या कानात सांगेल, आणि मृदंगाचं ‘तनि आवर्तनम्’, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू झालं की निम्मं सभागृह उठून कँटीनकडे चालू लागेल. मृदंगवादकाची मला दर वेळी दया येते. तुम्ही मात्र दोन्ही करा: तनि ऐका, आणि मग कँटीनमध्ये पानावर जेवा.

तुम्ही लिहिता, ‘त्या एकट्या बाहेर जायचं म्हणतात, मी सोडत नाही. लोक टक लावून बघतात, नाव-गाव विचारतात.’ जाऊ द्या की. वर्गात चाळीस पोरं सांभाळलेली बाई आहे. सोसायटीच्या वॉचमनकडून घराचा पत्ता तमिळमध्ये एका कागदावर लिहून घ्या, तो पर्समध्ये ठेवायला सांगा, फोन चार्ज आहे ना बघा, पाण्याची बाटली द्या. पुरे. रस्ता ओलांडायचं तेवढं शिकवा: सावकाश, एका लयीत चालत राहायचं, मधेच थबकायचं नाही, धावायचं तर मुळीच नाही. मेट्रो सोपी आहे. साध्या बसमध्ये बायका डावीकडे बसतात. आणि जाता जाता, तुमच्यासाठी: शहरातल्या साध्या बसला बायकांना २०२१ पासून तिकीट नाही. ठाऊक होतं?

नाव-गाव विचारण्याचं म्हणाल तर ‘एंद ऊर?’ म्हणजे ‘गाव कुठलं?’ हा प्रश्न तुम्ही स्वतः रेल्वेत बसल्यावर पाचव्या मिनिटाला समोरच्या बाईला विचारता. आणि ‘साप्टींगळा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ हे चौकशीचं वाक्य नसून नमस्कार आहे, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. विहीणबाईंना हे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं शिकवा. तुम्हीही शिका. त्या दोन दिवसांत शिकतील, पैज.

गॉगलवाल्यांचं मात्र नक्की सांगा, कारण ती गोष्ट झकास आहे. करुणानिधी सिनेमाचे संवाद लिहायचे, एमजीआर पडद्यावर ते बोलायचे. दोघे एका पक्षात, दोस्त. १९७२ मध्ये फाटलं तेव्हा करुणानिधी मुख्यमंत्री होते, एमजीआरनी वेगळा पक्ष काढला, आणि पुढे तेही मुख्यमंत्री झाले. पांढरी टोपी आणि गॉगल म्हणजे एमजीआर, पिवळी शाल आणि गॉगल म्हणजे करुणानिधी. आता दोघांच्याही समाध्या मरीनावर आहेत, फार अंतर नाही. जन्मभर भांडले आणि शेवटी एकाच किनाऱ्यावर शेजारी. एका वाळूतल्या फेरीत हे सगळं सांगून होतं.

राहिला पुण्याचा प्रश्न. नका नेऊ. पुणं जानेवारीत येतंच आहे, तिथे तुमच्या पंधरा नातेवाईक बायका त्यांना एकाच वेळी हळदीकुंकू लावतील. हातात आठवडा आहे तर एग्मोरहून रात्रीच्या गाडीने तंजावरला जा. तुम्हाला ‘आपलं काहीतरी’ दाखवायचं होतं ना? शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे गादी स्थापली, ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या भव्य देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, १८०३ चा, सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागद आहेत.

आणि आता गंमत ऐका. या सरफोजींना लहानपणी सांभाळलं, शिकवलं, गादीच्या भांडणात त्यांची बाजू लावून धरली ती एका जर्मन माणसाने. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, प्रशियात जन्मलेला मिशनरी. तो १७९८ मध्ये वारला. सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. मरणाच्या बिछान्यावर म्हातारा पाद्री, आणि त्याचा हात हातात घेतलेला मराठी राजा. तमिळ मुलखात, एका जर्मनाच्या उशाशी, एक मराठा. तुम्ही दोघी त्या दगडासमोर उभ्या राहा. काही बोलायची गरज पडणार नाही. ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ यांच्या सीमा तिथे जरा पुसट होतात.

हे सगळं गोडगोड वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगून ठेवते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागल्या, तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि कुणाच्या हाती न लागता निघून गेली. शहर इतकं हादरलं की पुष्कळ लोक घरं सोडून पळाले. तमिळमध्ये तेव्हापासून ‘एम्डन’ हा शब्दच रुजला. कुणालाही न जुमानणाऱ्या, भारी डोक्याच्या माणसाला म्हणतात, ‘सरियान एम्डन’! म्हणजे पक्का एम्डन. उच्च न्यायालयाच्या आवाराच्या भिंतीपाशी त्या माऱ्याची खूण म्हणून पाटी आहे. विहीणबाईंना ती दाखवा. आणि नवव्या दिवशीच तुमचं वर्म ओळखणाऱ्या या बाईंना मनातल्या मनात काय म्हणायचं, तो शब्दही तुम्हाला मिळाला.

आता साडी. द्या, जरूर द्या, मानपान जर्मनांनाही आवडतो. पण जरीची जड कांजीवरम नको, ती त्या एकदा नेसून, फोटो काढून कपाटात टाकतील आणि विमानात वजन होईल ते वेगळं. को-ऑपटेक्समध्ये जा, विणकरांची सहकारी संस्था आहे ती, आणि मदुराईची सुंगुडी किंवा चेट्टिनाडची सुती साडी त्यांना स्वतःला निवडू द्या. रंग भडक निवडला तर तोंड वाकडं करू नका, घागरी आठवा. परकर आणि ब्लाउजचं माप त्याच दिवशी द्या. शिंप्याने मान झुलवून ‘नाळैक्कु’, म्हणजे उद्या, असं सांगितलं तर आठवडा धरा, आणि समारंभाच्या तारखेआधी आठवडाभराची तारीख त्याला सांगा.